तिरुवैयारूची शेती आणि दिल्लीचा नकाशा

पर्यावरणाचा विषय राजधानीत निघतो तेव्हा तो बहुधा जंगलाच्या वाटेने निघतो. वाघ, हत्ती, पश्चिम घाट, फार तर खारफुटी. आपले कायदेही त्याच वाटेने गेले आहेत. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा, वनसंवर्धनाचा १९८० चा, किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना १९९१ ची. या तिन्हींच्या कक्षेबाहेर देशाचा फार मोठा भूभाग उरतो. तो जंगल नाही, अभयारण्य नाही, बहुतांशी किनाराही नाही. पण शेकडो वर्षे माणसाने राखलेली पाणी, माती आणि पीक यांची ती जिवंत व्यवस्था आहे. कोणत्याही मंत्रालयाच्या नकाशावर तिला स्वतंत्र रंग नाही. तेलविहीर, कोळशाचा पट्टा किंवा रस्ता यांसाठी जागा शोधणाऱ्या अधिकाऱ्याला तेथे केवळ ‘खासगी शेतजमीन’ दिसते, म्हणजे मोबदला दिला की हाती येणारी.

कावेरीचा त्रिभुज प्रदेश हा अशा भूभागाचा सर्वांत ठळक नमुना. त्याच्या माथ्याजवळ, तंजावरपासून बारा-तेरा किलोमीटरवर तिरुवैयारु वसले आहे. तमिळमध्ये ‘ऐ’ म्हणजे पाच आणि ‘आरु’ म्हणजे नदी. कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णारु, वेट्टारु आणि वडवारु या त्या पाच. तंजावरहून तिरुवैयारूला निघालेला प्रवासी एवढ्याशा अंतरात या पाचही प्रवाहांवरील पूल ओलांडतो. पुलांच्या मधे भात, केळी, ऊस आणि पुन्हा भात. पौष वद्य पंचमीला त्यागराजांच्या आराधनेसाठी देशभरचे गायक-वादक या गावी जमतात आणि परतताना मुगाच्या डाळीचा ‘अशोका’ हलवा घेऊन जातात. एरवी या गावाकडे देशाचे लक्ष जाण्याचे कारण पडत नाही.

मराठी वाचकाला मात्र हा प्रदेश परका नाही. १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर बसले आणि १८५५ मध्ये कंपनी सरकारने राज्य खालसा करीपर्यंत येथे भोसल्यांचा अंमल राहिला. त्यागराजांचे सारे आयुष्य, १७६७ ते १८४७, याच अंमलात गेले. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा मराठी शिलालेख आहे, सरस्वती महालात मोडीची दफ्तरे आहेत, आणि आपल्या कानाला चमत्कारिक वाटणारी मराठी घरात बोलणारी कुटुंबे तंजावरात आजही आहेत. हे सारे आपण अभिमानाने सांगतो. पण हे राज्य कशावर चालले, हे सहसा सांगत नाही. ते भातावर चालले. ग्रंथालय, संगीत, रामेश्वराच्या वाटेवरची अन्नछत्रे, सारा खर्च कावेरीच्या कालव्यांखाली पिकणाऱ्या धान्याच्या महसुलातून होत असे. म्हणूनच १७६० च्या दशकात तुळजाजीराजे आणि अर्काटचा नवाब महंमद अली यांच्यात कावेरीच्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीवरून वाद पेटला. बंधारा नवाबाच्या हद्दीत आणि पाणी तंजावरच्या शेतांसाठी, असा तो पेच होता. प्रकरण मद्रासच्या कंपनी सरकारपुढे गेले. वरच्या राज्याच्या हाती पाणी, खालच्याच्या हाती अर्ज आणि निवाड्यासाठी तिसरीच सत्ता: अडीचशे वर्षांनंतरही ही मांडणी फारशी बदललेली नाही.

बदलला आहे तो भूगर्भाचा भाव. भाताच्या या थरांखाली तेल, वायू आणि लिग्नाइट आहे, हे अनेक दशकांपासून ठाऊक आहे. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या विहिरी येथे जुन्याच. पण खरा संघर्ष सुरू झाला तो कोळशाच्या थरातील मिथेन वायूवरून. २०१० मध्ये मन्नारगुडी गटात, तंजावर आणि तिरुवारूर जिल्ह्यांतील सुमारे ६९१ चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी एका खासगी कंपनीशी केंद्राचा करार झाला. हा वायू काढायचा तर कोळशाच्या थरातील पाणी आधी उपसावे लागते. ज्या प्रदेशाचा जीवच पाण्यात आहे तेथे ही कल्पना शेतकऱ्याला कशी वाटली असेल, हे सांगण्याची गरज नाही. सेंद्रिय शेतीचे प्रचारक जी. नम्माळ्वार यांनी गावोगाव फिरून विरोध संघटित केला. २०१३ च्या डिसेंबरमध्ये याच मोहिमेत असताना पट्टुक्कोट्टै परिसरात त्यांचे निधन झाले. राज्य सरकारने आधी काम थांबविले आणि २०१५ मध्ये त्रिभुज प्रदेशात या वायूला मज्जाव केला. पुढे २०१७ मध्ये पुदुक्कोट्टै जिल्ह्यातील नेडुवासल येथे हायड्रोकार्बन प्रकल्पाविरुद्ध आणि तंजावर जिल्ह्यातील कदिरामंगलम येथे तेलवाहिनीच्या गळतीवरून लोक रस्त्यावर आले.

या साऱ्याला कायद्याचे रूप येण्यास दिल्लीतील एक निर्णय कारणीभूत ठरला. २०२० च्या जानेवारीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून तेल व वायूच्या शोधकार्याला जनसुनावणीच्या अटीतून मोकळे केले. शोध म्हणजे उत्खनन नव्हे, मग सुनावणी कशाला, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. कागदावर ते चुकीचे नाही. परंतु ज्या शेतकऱ्याच्या बांधावर यंत्र येऊन उभे राहते त्याला शोध आणि उत्खनन यांतला भेद कोण समजावून सांगणार? केंद्राशी जमवून घेणाऱ्या अण्णा द्रमुक सरकारची यामुळे पंचाईत झाली. विधानसभेची निवडणूक वर्षावर आलेली आणि त्रिभुज प्रदेशात नाराजी. तत्कालीन मुख्यमंत्री एडप्पाडी पळनिस्वामी यांनी ९ फेब्रुवारी २०२० रोजी संरक्षित विशेष कृषिक्षेत्राची घोषणा केली आणि अवघ्या अकरा दिवसांत, २० फेब्रुवारीला, विधानसभेने कायदा मंजूर केला. एवढ्या घाईत झालेल्या कायद्यात जे गुण-दोष असायचे ते यातही आहेत.

गुण आधी सांगितले पाहिजेत. शेतजमिनीच्या अखंड प्रदेशाला, केवळ ती शेती आहे या कारणासाठी, असे संरक्षण देणारे कायदे देशात विरळाच. तंजावर, तिरुवारूर आणि नागपट्टिणम हे जिल्हे, शिवाय कडलूर आणि पुदुक्कोट्टै यांचे त्रिभुज प्रदेशातील तालुके त्यात आले. तेल व वायूचा नवा शोध आणि उत्खनन, कोळशातील मिथेन, शेल वायू, जस्त-तांबे-ॲल्युमिनियम वितळविण्याचे कारखाने, पोलाद व स्पंज आयर्न, चामडे कमावणे आणि जहाजे मोडणे यांना तेथे बंदी झाली. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरणाची तरतूद झाली. आणि हे सारे वनखात्याला मध्ये न आणता झाले. जंगलाच्या संरक्षणात पहिली कुऱ्हाड स्थानिकाच्या वहिवाटीवर पडते, येथे स्थानिकाचा व्यवसाय हाच संरक्षणाचा विषय ठरला. आपल्या संवर्धनाच्या विचारात हा मोठा बदल होता, आणि त्याची दिल्लीत म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही.

दोष आहे तो चौथ्या कलमाच्या उत्तरार्धात. कायद्यापूर्वी सुरू असलेले उद्योग व कामे यांना हा कायदा लागू नाही. तसेच बंदरे, वाहिन्या, रस्ते, दूरसंचार, वीज, पाणीपुरवठा अशा पायाभूत प्रकल्पांनाही तो अडवीत नाही. पहिल्या अपवादाचा अर्थ वर्षभरातच कळला. नागपट्टिणमजवळच्या जुन्या, वर्षाला १० लाख टन क्षमतेच्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या जागी ९० लाख टनांचा नवा प्रकल्प, सुमारे ३१,५०० कोटी रुपयांचा, मंजूर झाला आणि १७ फेब्रुवारी २०२१ रोजी पंतप्रधानांनी त्याची कोनशिला बसविली. नऊपट वाढ ही ‘जुन्याचे चालू राहणे’ ठरते की नवा उद्योग, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या शब्दांत शोधण्यात अर्थ नाही. ज्या सरकारने कायदा केला त्यालाच हा प्रकल्पही हवा होता. त्या सरकारला दोष देण्याचेही कारण नाही. नागपट्टिणम हा रोजगारासाठी तरुणांनी सोडून जाण्याचा जिल्हा आहे आणि कारखान्याची मागणी तेथेही आहे.

दुसऱ्या अपवादाचा अनुभव तिरुवैयारूला आला. अरियलूर आणि तंजावर यांच्यामधली जड वाहने गावाच्या अरुंद रस्त्यांतून जातात. त्यावर उपाय म्हणून बाह्यवळण रस्त्याची, म्हणजे साध्या भाषेत बायपासची, योजना राज्याच्या महामार्ग खात्याने हाती घेतली. कंडियूर आणि आसपासच्या गावांतील भातखाचरांतून ही आखणी गेली. २०२२ च्या सुमारास भराव टाकण्यासाठी यंत्रे उभ्या पिकात उतरली तेव्हा शेतकरी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. तोपर्यंत राज्यात द्रमुकचे सरकार आले होते, मिथेनविरोधी आंदोलनाला पाठिंबा देणारा आणि २०२० चा कायदा पुरेसा कडक नाही म्हणून टीका करणारा पक्ष. रस्त्यापुढे त्याचीही भूमिका बदलली. गावातील कोंडी खरी होती, दुकानदारांना आणि रुग्णवाहिकांना बायपास हवाच होता, हेही येथे नोंदले पाहिजे. पण मूळ प्रश्न भरावाचा आहे. त्रिभुज प्रदेश सपाट असतो. तेथे पाणी हातभर उतारावर चालते. अशा जमिनीवर आडवा भराव घातला की त्याच्या एका बाजूला पाणी तुंबते आणि दुसऱ्या बाजूला पोचत नाही. मोबदला मिळतो तो भरावाखाली गेलेल्या जमिनीचा. भरावामुळे पाणथळ वा कोरड्या झालेल्या शेजारच्या शेताचा हिशेब कोणीच करीत नाही.

केंद्राचा २०१३ चा भूसंपादन कायदाही येथे फारसा उपयोगी पडत नाही. त्याच्या दहाव्या कलमात बहुपीक बागायती जमीन केवळ अपवादात्मक परिस्थितीत, शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी असे म्हटले आहे. वाचताना समाधान वाटते. त्याच कलमात पुढे रेल्वे, महामार्ग, जिल्ह्याचे प्रमुख रस्ते, कालवे, वीजवाहिन्या असे ‘रेषेत जाणारे’ प्रकल्प वगळले आहेत. म्हणजे केंद्राच्या कायद्याने जे दार उघडे ठेवले, राज्याच्या कायद्यानेही तेच ठेवले. एखाद्या प्रदेशाचे तुकडे पाडायचे तर ते रेषांनीच पडतात, ही गोष्ट दोन्ही मसुदे लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आली नाही असे मानणे कठीण आहे.

महाराष्ट्रातील अधिकाऱ्यांना येथे डहाणूची आठवण होईल. १९९१ च्या जूनमध्ये केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली डहाणू तालुका संवेदनशील घोषित केला, उद्योगांवर मर्यादा घातल्या, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथे न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. चिकूच्या बागा, वारल्यांचे पाडे आणि मच्छीमारांची गावे यांना त्या प्राधिकरणाने अनेक वर्षे खरा आधार दिला. तरीही २०२३ च्या जुलैमध्ये याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला सशर्त हिरवा कंदील दाखविला, २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या त्या बंदराला मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये त्याचे भूमिपूजन झाले. डहाणूला केंद्राच्या अधिसूचनेचे कवच होते, तिरुवैयारूला राज्याच्या कायद्याचे आहे. राज्याचे कवच अधिक पातळ, कारण तेल आणि खनिजे केंद्राच्या सूचीत, तर शेती, जमीन आणि पाणी राज्याच्या सूचीत. ‘शेतीच्या विकासासाठी’ कायदा करून राज्याने तेलाला अडविले आहे. हा बंदोबस्त न्यायालयाच्या कसोटीवर अजून पुरता उतरायचा आहे.

त्याची चाचणी होण्याची वेळ २०२३ च्या एप्रिलमध्ये आली होती. कोळसा मंत्रालयाने लिलावासाठी काढलेल्या यादीत तमिळनाडूतील तीन लिग्नाइट पट्टे होते. त्यांपैकी वडसेरीचा पट्टा तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडूच्या बाजूला, जेथे सरफोजीराजांनी मुक्तांबाळ छत्र बांधले त्याच परिसरात. तत्कालीन मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिले, विधानसभेत सर्व पक्ष एक झाले, राज्यातील भाजपनेही पट्टे वगळण्याची मागणी केली. ८ एप्रिलला कोळसामंत्री प्रल्हाद जोशी यांनी समाजमाध्यमावरून पट्टे वगळल्याचे जाहीर केले. आनंद झाला, ढोल वाजले. पण येथे निर्णय झाला तो सहकारी संघराज्याच्या भावनेतून, कायद्याचा अडसर मान्य करून नव्हे. जे मंत्र्याच्या एका निवेदनाने मिळते ते दुसऱ्याच्या निवेदनाने जाऊही शकते. कर्नाटकातील निवडणूक तोंडावर होती आणि तमिळनाडूत पाय रोवण्याची केंद्रातील सत्ताधाऱ्यांची धडपड चालली होती, हे राजकीय संदर्भ अर्थातच कोणाच्याही नजरेतून सुटले नाहीत.

आता कोळ्ळिडम ओलांडून उत्तरेला जाऊ. कोळ्ळिडम ही कावेरीचे पुराचे पाणी वाहून नेणारी मोठी शाखा, तिरुवैयारूच्या उत्तरेला काही किलोमीटरवर. पलीकडे अरियलूर जिल्हा सुरू होतो. चुनखडीच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने ही त्याची ओळख. फेब्रुवारी २०२० च्या घोषणेत अरियलूर आणि तिरुचिरापल्ली यांचाही उल्लेख होता, कायद्यात मात्र ते राहिले नाहीत. गंमत अशी की राष्ट्रीय पातळीवर ज्याला ‘निसर्ग’ म्हणतात तो याच वगळलेल्या जिल्ह्यात आहे. करैवेट्टी हे सुमारे ४५४ हेक्टरांचे तळे १९९९ मध्ये पक्षी अभयारण्य झाले आणि २०२४ च्या जानेवारीत रामसर यादीत गेले. हिवाळ्यात तेथे पट्टकादंब हंसांसह नाना जातींचे पाहुणे पक्षी उतरतात. पण हे तळे निसर्गाने केलेले नाही. ते शेतीच्या सिंचनाचे तळे आहे आणि त्यात पुळ्ळंबाडी कालव्याने कावेरीचेच पाणी येते. मेट्टूर धरणाचे दरवाजे वेळेवर उघडले तर शेतकऱ्याच्या खाचरात पाणी, आणि पक्ष्यांच्या तळ्यातही. उघडले नाहीत तर दोघेही कोरडे. पक्ष्यांच्या तळ्याला आंतरराष्ट्रीय करार, त्याला भरणाऱ्या कालव्याला मात्र साधी वार्षिक दुरुस्तीची तरतूद: आपल्या संवर्धनाच्या कल्पनेतील उणीव दाखवायला याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

साहजिकच सारे पाण्यापाशी येऊन थांबते. मेट्टूरचे धरण १९३४ चे, साठा ९३.४७ अब्ज घनफूट. तेथून १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. जून ते सप्टेंबरचे कुरुवै हे अल्पमुदतीचे पीक त्याच तारखेवर अवलंबून असते, मग दीर्घ मुदतीचे सांबा येते. २०२३ मध्ये पाणी वेळेवर सुटले, पण कर्नाटकातून पुरवठा आटल्याने कुरुवै करपले आणि ऑक्टोबरमध्ये दरवाजे बंद करावे लागले. २०२४ मध्ये १२ जूनची तारीख चुकली, जुलैअखेर पाणी सुटले. २०२५ मध्ये ती पाळली गेली. तेलाची एकही नवी विहीर न खणता तीन वर्षांत शेतकऱ्याचे नशीब तीनदा उलटेपालटे झाले, हे कृषिक्षेत्राचा नकाशा भिंतीवर लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

पाणीवाटपाचे आकडे दिल्लीतील वाचकांना पाठ असतील. कावेरी लवादाने २००७ मध्ये एकूण ७४० अब्ज घनफुटांतून तमिळनाडूला ४१९ आणि कर्नाटकाला २७० दिले. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी २०१८ रोजी तमिळनाडूचा वाटा ४०४.२५ पर्यंत खाली आणून बंगळूरच्या गरजेसह कर्नाटकाला १४.७५ वाढवून दिले. या भांडणात एका छोट्या आकड्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. लवादाने १० अब्ज घनफूट पर्यावरण संरक्षणासाठी आणि ४ समुद्रात अपरिहार्यपणे जाणाऱ्या पाण्यासाठी राखले होते. ७४० मधले १४. नदीने स्वतःसाठी आणि समुद्रासाठी ठेवायचे एवढेच. पूम्पुहारजवळ कावेरी जेथे समुद्राला मिळते तेथे तिचे रूप एखाद्या ओढ्यासारखे झाले आहे. नागपट्टिणमच्या बाजूला भूजलात खारे पाणी शिरते आहे. त्रिभुज प्रदेश गाळाने बनतो, गाळ धरणांत अडकला, आणि उरलेली वाळू ट्रकांनी नेली.

वाळूचा विषय तर प्रशासनाच्या जिव्हारी लागणारा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सक्तवसुली संचालनालयाने तमिळनाडूतील वाळूउपशाची चौकशी सुरू केली, पाच जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना समन्स धाडले. त्यांत तंजावर, तिरुचिरापल्ली आणि अरियलूर होते. राज्य सरकार न्यायालयात गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने जिल्हाधिकाऱ्यांना हजर राहण्यास फर्मावले आणि ते एप्रिलमध्ये हजर झाले. केंद्रीय यंत्रणेचा हेतू राजकीय होता की नाही, या वादात मूळ गोष्ट हरवली. कावेरी आणि कोळ्ळिडमच्या पात्रांतून परवान्यापेक्षा अधिक वाळू उचलली जाते, हे काठावरचा प्रत्येक शेतकरी सांगतो. पात्र खोल गेले की कालव्याचे तोंड उंच राहते आणि पाणी असूनही कालव्यात चढत नाही. २२ ऑगस्ट २०१८ रोजी मुक्कोंबू येथील, ऑर्थर कॉटनने १८३६ मध्ये बांधलेल्या वरच्या बंधाऱ्याचे नऊ दरवाजे वाहून गेले. सरकारने बंधाऱ्याच्या वयाकडे आणि पुराकडे बोट दाखविले, शेतकरी संघटनांनी वाळूकडे. २०२० च्या कायद्याच्या बंदीच्या यादीत वाळूचे नाव नाही.

आणि शेतकरी? ज्याच्या नावाने हे सारे चालले आहे त्याला भातच पिकवायला सांगणारा हा कायदा भाताला भाव देत नाही. केंद्राची २०२५-२६ ची साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये. राज्य वरून थोडी भर घालते. सरकारी खरेदी केंद्रावर धान्यातील ओलावा १७ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नाही. कुरुवैची कापणी नेमकी ईशान्य मोसमी पावसाच्या तोंडावर येते. धान्य रस्त्यावर वाळत पडलेले, वर ढग, आणि केंद्रावर रांग. मग राज्य सरकार दिल्लीला लिहिते, मर्यादा २२ टक्क्यांपर्यंत वाढवा. दिल्लीहून अधिकाऱ्यांचे पथक तंजावरला जाते, नमुने घेते, अहवाल देते आणि थोडी सवलत मिळते, कधी मिळतही नाही. तोवर बरेचसे धान्य व्यापाऱ्याच्या गोणीत गेलेले असते. कृषिभवनात बसून हा नियम पंजाबच्या कोरड्या कापणीला डोळ्यांसमोर ठेवून केला असावा, अशी शंका आल्याशिवाय राहत नाही. त्रिभुज प्रदेशासाठी वेगळी मर्यादा आणि सुकविण्याची यंत्रे देणे हे कोणत्याही अधिसूचनेपेक्षा स्वस्त आणि अधिक परिणामकारक संवर्धन ठरेल. कारण तेल कंपनीला जमीन न देणारा शेतकरी प्लॉट पाडणाऱ्याला ती देऊ शकतो. त्यालाही कायद्यात बंदी नाही, आणि पोराच्या शिक्षणाचा खर्च दारात उभा असताना ती घालावी असे म्हणण्याचा अधिकार शहरात पगार घेणाऱ्यांना कितपत आहे, हाही प्रश्नच आहे.

संवर्धनाची किंमत कोणी भरायची, हा खरा राजकीय प्रश्न आहे. वित्त आयोग वनाच्छादन राखणाऱ्या राज्यांना कराच्या वाट्यात अधिक गुण देतो. जंगल राखल्याबद्दल राज्याला मोबदला मिळणे योग्यच. मग देशाच्या धान्यकोठारात भर घालणाऱ्या, भूजल भरणाऱ्या, पक्ष्यांना तळी देणाऱ्या खाचरांना त्या सूत्रात जागा का नसावी? तेलाचे उत्पन्न सोडून दिल्याचा भार आज एकटे राज्य आणि अखेरीस एकटा शेतकरी उचलतो. आयातीवरचा देशाचा खर्च कमी व्हावा ही केंद्राची गरज कोणी नाकारत नाही. पण त्या गरजेचा भार नेमका कावेरीच्या खोऱ्यावर का, हे पटवून देण्याची जबाबदारी केंद्राची आहे, आणि ती जनसुनावणी काढून टाकून पार पडत नाही.

लोकांना विश्वासात घेऊन काय साधते याचे उदाहरण याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. तंजावरचा किनारा पाल्कच्या सामुद्रधुनीवर येतो. तेथे सरफोजीराजांनी १८१४ च्या सुमारास, नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाची आठवण म्हणून, मनोरा बांधला. या मनोऱ्यासमोरच्या उथळ समुद्रात गवताची कुरणे आहेत आणि त्यांवर चरणारी समुद्रगाय, म्हणजे डुगाँग, अजून तग धरून आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तंजावर आणि पुदुक्कोट्टै जिल्ह्यांच्या किनाऱ्यालगत ४४८ चौरस किलोमीटरचे देशातील पहिले डुगाँग संवर्धन क्षेत्र घोषित झाले. राष्ट्रीय उद्यान वा अभयारण्य करण्याऐवजी राज्याने ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ हा प्रकार निवडला. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या या प्रकारात स्थानिक लोकांशी विचारविनिमय करणे बंधनकारक आहे. जाळ्यात सापडलेली समुद्रगाय सोडून देणाऱ्या कोळ्याला वनखाते तेथे बक्षीस देते. त्याची होडी अडविली गेली नाही. मासेमारीच्या मोठ्या यांत्रिक बोटींचा प्रश्न सुटलेला नाही आणि तो सोपाही नाही, परंतु भांडणाची सुरुवात तरी शत्रुत्वाने झाली नाही.

२०२० च्या कायद्यातही अशी दुरुस्ती अवघड नाही. भराव घालणाऱ्या प्रत्येक रस्त्यासाठी पाण्याच्या वाटांचा आराखडा आधी गावसभेपुढे ठेवणे, वाळूला बंदीच्या यादीत आणणे, ‘जुना उद्योग’ म्हणजे किती क्षमतेपर्यंत हे आकड्यात लिहिणे, एवढ्या तीन गोष्टी राज्याच्या अधिकारात आहेत आणि त्यांना दिल्लीची परवानगी लागत नाही. कायद्यात एक दुरुस्ती झालीही. नागपट्टिणममधून वेगळा काढलेला मयिलाडुतुरै जिल्हा २०२३ मध्ये यादीत नावानिशी घालण्यात आला. त्या दुरुस्तीत कोळ्ळिडमपलीकडच्या अरियलूरचे नाव आले नाही, आणि बायपासचा भराव ज्या चौथ्या कलमाच्या आधाराने खाचरांत उतरला ते कलम जसेच्या तसे राहिले.